आई किंवा वडील गेल्यावर मुलांना कसं सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. २०१३ च्या जूनमध्ये माझे मिस्टर हायवेवर अपघातात गेले तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती आणि मुलगा पाच. त्यानंतर ओळखीत कुणाच्या घरी असं काही झालं की लोक मला फोन करायला लागले, आधी गल्लीतले, मग शाळेतले पालक, आता पार विटा-आटपाडीकडून फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून काढलेत. मी डॉक्टर नाही. जे वाचलंय, जे स्वतः केलंय (त्यातलं बरंचसं चुकलंय) आणि इतक्या घरांत जे बघितलंय ते लिहितेय.

१. मुलांवर जास्त परिणाम कशाचा होतो, मरणाचा की नंतर घरात जे होतं त्याचा?

दोन्हीचा, पण आपल्या हातात फक्त दुसरं असतं. अमेरिकेत बोस्टनकडे वर्डन आणि सिल्व्हरमन या दोघांनी आई किंवा वडील गेलेल्या ७० घरांतल्या १२५ मुलांना दोन वर्षं भेटून बघितलं, ६ ते १७ वयाची मुलं, आणि त्यात एक गोष्ट फार ठळक दिसली की मागे राहिलेला पालक कसा सावरतोय, घर कसं चालवतोय, यावर मुलाचं सावरणं सगळ्यात जास्त अवलंबून होतं. बहुतेक मुलं सावरली. साधारण पाचातलं एक मूल मात्र दोन वर्षांनीही चांगलंच अडचणीत होतं.

त्यापुढचं काम ॲरिझोनात सँडलर आणि वोल्चिक यांच्या टीमने केलं, १५६ घरं, २४४ मुलं. काही घरांना बारा बैठकांचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना नुसती वाचायला पुस्तकं. कार्यक्रमात पालकांना शिकवलं काय, तर प्रत्येक मुलाबरोबर थोडा वेळ एकट्याने बसायचं, मध्ये न बोलता ऐकायचं, चांगलं वागला की तिथल्या तिथे सांगायचं आणि घरातले नियम सोडायचे नाहीत. एवढंच. मुलांचेही वेगळे गट होते. सहा वर्षांनी बघितलं, परत पंधरा वर्षांनी बघितलं, तोवर ती मुलं मोठी झालेली, आणि तरी कार्यक्रमातल्या मुलांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण कमी निघालं. मला हे वाचून पहिल्यांदा धीर आला होता कारण यातलं काहीही करायला पैसा लागत नाही, पाटणच्या डोंगरातली बाईसुद्धा करू शकते.

२. बातमी कशी सांगायची? "बाबा देवाघरी गेले" म्हटलं तर चालेल का?

लवकर सांगायचं, आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि "मेले" किंवा "वारले" हा शब्द एकदा तरी वापरायचा. देवाघरी गेले हे नंतर म्हणा, ती आपली श्रद्धा आहे, पण नुसतं तेवढंच सांगितलं तर लहान मुलाला ते गाव वाटतं, आपण पण जाऊ म्हणतं. सांगायचं असं, "बाबांना अपघात झाला, डोक्याला खूप लागलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले पण बाबा वारले. आता त्यांचं शरीर चालत नाही, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत." मग गप्प बसायचं आणि तो जे विचारेल त्याचंच उत्तर द्यायचं.

"झोपलेत" तर अजिबात सांगू नका. माझ्या सासरच्या कुणीतरी मुलाला सांगितलं बाबा झोपलेत, आणि मी पण तेव्हा खोडलं नाही, कारण बोलायची ताकदच नव्हती. पुढे दोन महिने तो रात्री उठायचा आणि माझ्या नाकाखाली बोट धरून बघायचा. मला वाटायचं लाडात येतोय. एका रात्री मी जागीच होते, त्याने बोट धरलं, श्वास लागला तशी कूस बदलून झोपला. तेव्हा मला कळलं तो काय बघतोय ते. दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन सगळं खरं सांगितलं.

"गावाला गेलेत", "पुण्याला ट्रीटमेंट चालू आहे" ही तर फसवणूक झाली, चार दिवसांत शेजारचं पोर खरं सांगतं आणि मग मूल आपल्यावर कशावरच विश्वास ठेवत नाही.

३. कुठल्या वयाला किती समजतं?

ढोबळमानाने, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे कायमचं हे कळत नाही. सांगितल्यावर मान हलवतं आणि संध्याकाळी विचारतं बाबा कधी येणार. दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा तेच, त्याच शब्दांत सांगायचं. पाच ते आठच्या मधल्यांना कायमचं आहे हे कळायला लागतं पण आपल्यामुळे झालं असं वाटतं (याचं पुढे ६ मध्ये आहे). नऊ-दहाच्या पुढे मोठ्यांसारखंच कळतं, म्हणजे परत येत नाही, सगळ्यांनाच येतं, का येतं. तेरा-चौदाच्या पुढे कळतं सगळं पण दाखवत नाहीत, दार लावून बसतात, चिडतात.

४. माझे मिस्टर फौजेत होते, वर्षातून दोन महिने घरी. पोराला वाटतं सुट्टीला येतीलच. काय करू?

हा प्रश्न आपल्याकडेच जास्त येतो, अपशिंग्यासारखी गावं आहेत जिथे घरटी माणूस फौजेत, आणि खानापूर-आटपाडी भागात गलाईवाले (सोनं-चांदी गाळायचं काम करणारे), कुणी मद्रासला कुणी पंजाबात, दिवाळीला नाहीतर जत्रेला येणारे. अशा घरात बाप नसणं हे रोजचंच असतं, त्यामुळे मुलाचं दुःख उशिरा चालू होतं, नेमकं सुट्टीच्या वेळेला. ती वेळ लक्षात ठेवा. जत्रा, दिवाळी, जेव्हा ते यायचे, त्याच्या आधी आठवडाभर स्वतःहून विषय काढा, "बाबा या दिवसात यायचे ना, यंदा येणार नाहीत, मला पण जड जातंय." त्यांची बॅग, ट्रंक, जे काही सामान आलं असेल ते मुलासमोर उघडा, त्याला हात लावू दे. तुम्ही एकटीने रात्री उघडून कुलूप लावून ठेवलं तर त्याला वाटतं अजून काहीतरी बाकी आहे.

५. मुलांना मातीला न्यायचं का? मुलगा सात वर्षांचा आहे, अग्नी त्यालाच द्यायला लावतायत.

न्यायचं की नाही हे मुलाला विचारा, पण विचारायच्या आधी तिथे काय काय होणार ते सांगा. बाबांना तिरडीवर बांधतील, लाकडं किंवा शेणी असतील, अग्नी देतील, लोक मोठ्याने रडतील, बाबांना काही दुखणार नाही. सांगितल्यावर नको म्हणाला तर नको, जबरदस्ती नाही. हो म्हणाला तर एक माणूस फक्त त्याच्यासाठी द्या, मामा किंवा शिक्षक, जो कर्त्यांमध्ये अडकलेला नाही, आणि तो म्हणेल तेव्हा त्याला बाहेर घेऊन येईल.

अग्नीचं म्हणाल तर हात लावून घेऊन चुलता किंवा आजोबा देऊ शकतात, मडकं फोडायला लावू नका घाबरत असेल तर. मुंडण करायचं असेल तर आधी सांगा. मुलगी जाते म्हणाली तर तिला अडवू नका, आता बऱ्याच ठिकाणी मुली अग्नी देतात.

६. मुलगी म्हणते "माझ्यामुळे झालं". असं का म्हणते?

कारण मुलांना तसंच वाटतं, बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी. भांडले होते, हट्ट केला होता, मनात एकदा "मरू दे" म्हटलं होतं. माझ्या मुलीचं मला दहाव्याला कळलं. माहुलीला पिंड ठेवलं आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, लोक म्हणायला लागले इच्छा राहिलीय, कशात तरी जीव अडकलाय. आपल्याकडे मग एकेक जण पुढे होऊन बोलतो तसं दीर बोलले पोरांना बघतो, सासरे बोलले, तरी शिवेना. मुलगी माझ्या पदराला धरून थरथरत होती. घरी आल्यावर म्हणाली, आई मी त्या दिवशी बाबांशी बोलले नव्हते, सायकल आणली नाही म्हणून, म्हणून शिवत नव्हता ना.

दहा वर्षांच्या पोरीने हे ओझं घाटावर तासभर एकटीने धरलं होतं आणि आम्ही सगळे कावळ्याकडे बघत होतो. विधी करा, माझा विरोध नाही, मी पण केले. पण मुलं तिथे असतील तर "इच्छा राहिली" ही भाषा त्यांच्यासमोर नको, आणि नंतर स्वतःहून विचारा, "तुला असं वाटतं का की तुझं काही चुकलं?" ती नाही म्हणाली तरी सांगा की भांडल्याने, बोलल्याने, मनात आल्याने कुणी मरत नाही. आठवड्याने परत सांगा.

७. मुलांसमोर रडायचं की नाही? सगळे म्हणतात तू खंबीर राहा.

रडा. आई रडत नाही म्हटल्यावर मूल पण लपवायला शिकतं. फक्त रडल्यावर पुढचं वाक्य बोला, "मला बाबांची आठवण आली म्हणून रडले, आता तोंड धुते आणि तुझी भाजी टाकते." यातून त्याला दोन गोष्टी कळतात, दुःख बोलता येतं आणि आई अजून आहे. अडचण रडण्याची नाहीये, अडचण दिवस दिवस अंथरुणातून न उठण्याची आहे, जेवण न करण्याची, मुलाने आईला पाणी आणून देण्याची. तसं होत असेल तर आधी तुमच्यासाठी मदत घ्या, १७ मध्ये कुठे ते दिलंय. स्वतःवर उपचार घेणं म्हणजे मुलांकडे दुर्लक्ष असं काही बायांना वाटतं, उलट मुलासाठी पहिली गोष्ट तीच आहे.

८. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे मुलांसमोर झालं. मुलगी त्यानंतर बोलेनाशी झालीय.

तिने बाप गेलेला बघितला आणि त्याच दिवशी चार बायका आईच्या अंगाला झोंबताना बघितल्या. कुठलंही मूल घाबरेल. तिला सांगा की आईला कुणी मारत नव्हतं, ही जुनी रीत आहे, मला पण आवडली नाही. आणि उद्यापासून बांगड्या घाला, टिकली लावा, जेवढं तुम्हाला वाटतं तेवढं, कारण ती रोज सकाळी तुमचा हात आणि कपाळ बघतेय.

जे अजून या प्रसंगातून जायचेत त्यांच्या नातेवाईकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे करू नका. सांगलीच्या शेजारीच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे, तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. म्हणजे "गाव काय म्हणेल" याला आता उत्तर आहे, गावानेच म्हटलंय.

९. पोरगा रडलाच नाही, तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला. त्याला काही वाटत नाही का?

वाटतं. मुलं दुःखात मोठ्यांसारखी सलग राहू शकत नाहीत, थोडा वेळ आत जातात, बाहेर येतात, खेळतात, परत जातात. रक्षाविसर्जनाच्या दिवशी खेळणाऱ्या पोराला "बाप मेला आणि तुला खेळ सुचतोय" म्हणणारी माणसं प्रत्येक भावकीत असतात, त्यांना तुम्ही थांबवा, मूल थांबवू शकत नाही. रडणं नसेल तर बाकी खुणा बघा, पोट दुखतंय म्हणणं, अंथरूण ओलं करणं, तुम्हाला न सोडणं, वहीत अर्धंच लिहिणं.

१०. सगळे मोठ्या मुलाला म्हणतात "आता तूच घरचा कर्ता". चुकीचं आहे का?

हो. दुखवट्याला आलेला माणूस हे बोलून चहा पिऊन निघून जातो आणि तेरा वर्षांचं पोर त्या रात्रीपासून बँकेच्या हप्त्याचा विचार करायला लागतं. त्याच्यासमोरच सांगायचं, "नाही काका, कर्ती मी आहे, त्याला शाळा शिकायचीय." मी दहा वेळा बोलले असेन हे वाक्य. काम द्या, दूध आणणं, धाकट्याला शाळेत सोडणं, ऊस तुटून गेला की शेतात हिशेबाला बरोबर नेणं, कामाने मुलाला बरं वाटतं. पण पैशाची काळजी, भावकीची भांडणं आणि तुमचं रात्रीचं एकटेपण हे त्याच्यापाशी काढू नका, त्यासाठी बहीण शोधा, मैत्रीण शोधा. मुलींचं तर कुणी म्हणतही नाही, आई गेलेली बारा वर्षांची पोरगी गुपचूप भाकरी थापायला लागते आणि सगळे म्हणतात किती समजूतदार.

११. बिनबापाचं लेकरू आहे, ओरडायला जीव होत नाही. मोबाईल मागितला की देते. काय बिघडलं?

बिघडतं. मी स्वतः सहा महिने हेच केलं, जेवताना मोबाईल, अकरापर्यंत टीव्ही, दुकानात जे मागेल ते. मला वाटायचं तेवढंच सुख. त्याची चिडचिड वाढतच गेली. त्याच्या जगातली एक मोठी गोष्ट एका दिवसात नाहीशी झाली होती आणि मग जेवायची वेळ, झोपायची वेळ, आईचं "नाही" हे पण नाहीसं झालं, म्हणजे धरायला काहीच उरलं नाही. ॲरिझोनाच्या कार्यक्रमात (प्रश्न १) माया आणि शिस्त दोन्ही एकत्र शिकवली होती ती याचसाठी.

मोठा बदल नको. आधी होते ते तीन-चार नियम परत आणा आणि त्याला सांगून आणा, "बाबा असताना आपण साडेआठला जेवायचो आणि ताटापाशी फोन नसायचा, आजपासून परत तसं." पहिल्या रात्री माझ्या मुलाने ताट ढकललं, वरण सांडलं, माझ्या जावेने डोळे पुसले, म्हणाली बापाविना पोर आहे गं. मी काही बोलले नाही, फडकं त्याच्या हातात दिलं, दोघांनी मिळून पुसलं, दुसरं वाढलं. तो जेवला. साधारण पंधरा दिवसांत रात्रीची झोप लागायला लागली त्याला. मारायचं मात्र नाही, आणि "बाबा वरून बघतायत" अशी भीती पण घालायची नाही.

१२. आई गेली तर जास्त अवघड की वडील? मी बाप आहे, एमआयडीसीत शिफ्ट असते, मला स्वयंपाकही येत नाही.

दादा, बोस्टनच्या त्या अभ्यासात आई गेलेल्या मुलांना जास्त त्रास झालेला दिसला, आणि त्याचं एक कारण हे होतं की आई गेली की रोजचं सगळंच बदलतं, डबा, वेणी, अभ्यास, आजारपण. म्हणजे जेवढं रोजचं तुम्ही टिकवाल तेवढा त्रास कमी. स्वयंपाक शिका, खिचडीपासून, मुलीकडून करून घेऊ नका. सेकंड शिफ्ट शक्य असेल तर बदलून घ्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वेणी घालायला शिका, खरंच सांगते, एका बापाने यूट्यूबवर बघून शिकली आणि त्याची पोरगी शाळेत सगळ्यांना सांगत होती बाबांनी घातलीय.

आणि बोला. आपल्याकडचे बाप बायको गेल्यावर तिचं नावच घेत नाहीत, मुलांना वाटतं विषय बंद झाला. "तुझ्या आईच्या आमटीला अशी चव नव्हती येत" एवढं बोललात तरी दार उघडतं.

१३. मुलाला आजोळी ठेवू का? की सातारा-सांगलीत एखाद्या हॉस्टेलला?

पहिलं वर्ष तरी शक्यतो नको. आपला भाग बोर्डिंगचाच आहे, कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात १९२४ ला वसतिगृह काढलं तेव्हापासून गरिबाची हजारो पोरं त्यात शिकून मोठी झाली, सैनिक स्कूल आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण ज्या मुलाचा बाप पंधरा दिवसांपूर्वी गेला त्याला आईपासून, घरापासून, शाळेपासून एकदम तोडलं तर ते म्हणतं बाबा गेले आणि आईने मला काढून टाकलं. घर, शाळा, मित्र यातलं जितकं तसंच राहील तितकं बरं. खरोखर इलाज नसेल, ऊसतोडीला जावं लागत असेल किंवा राहायला जागाच नसेल, तर मुलाला कारण सांगा, किती दिवसांसाठी ते सांगा, ठरलेल्या वारी फोन करा आणि तो वार चुकवू नका. भावंडांना वेगवेगळ्या घरी वाटून देऊ नका.

१४. आत्महत्या असेल तर मुलांना काय सांगायचं? आम्ही हार्ट अटॅक सांगितलंय.

समजतं तशी खरी गोष्ट सांगावी लागते, कारण गावाला माहीत असतं आणि मूल ते शाळेच्या वाटेवर ऐकतं. कसं केलं त्याचा तपशील द्यायचा नाही. "बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता, सगळं अंधारलं होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. तो तुझा, माझा, कुणाचा दोष नाही. असं वाटणाऱ्या माणसाला मदत मिळते, बाबांना ती वेळेत मिळाली नाही." कर्जामुळे, बागेच्या नुकसानीमुळे, आईशी भांडणामुळे असं एकच कारण मुलाच्या डोक्यात जाऊ देऊ नका, उद्या त्याच्यावर तसं संकट आलं तर त्याला तोच रस्ता दिसेल. हार्ट अटॅक सांगून झालंय तर आता सांगा, "तेव्हा मला सांगायला जमलं नाही." रागावेल, रागावू दे. अशा घरात मुलाच्या बोलण्याकडे जास्त लक्ष ठेवा (१७).

१५. नवरा दारू पिऊन मारायचा. तो गेल्यावर पोरांना सुटल्यासारखं झालंय आणि मला पण. हे पाप आहे का?

पाप नाही ताई. सुटल्यासारखं वाटणं आणि दुःख दोन्ही एकत्र असतात, कधी कधी दुःख वर्षाने येतं, "चांगला बाप मिळालाच नाही" याचं. मुलांना दोन्ही बोलू द्या. मेल्यावर त्याला देवमाणूस करू नका, मुलांनी सगळं बघितलंय. आणि राक्षस पण करू नका, कारण त्यांना आरशात त्याचंच नाक दिसतं.

१६. सासू मुलांसमोर मला बोलते, "तुझ्या पायगुणाने गेला". दीर म्हणतात पोरं आमची, तू माहेरी जा. आणि पुढे मी दुसरं लग्न केलं तर?

सासूबाईंचा पण मुलगा गेलाय, हे खरं आहे, आणि तरी मुलांसमोर हे चालणार नाही, हे पण खरं आहे. आजी-आजोबांची माया मुलांना हवी असते, म्हणून नातं तोडू नका, पण सासऱ्यांमार्फत किंवा गावातल्या कुणा मोठ्या माणसामार्फत सांगा की जे बोलायचं ते मला एकटीला बोला. मुलांना निरोप्या करू नका, "आजीला सांग असं" अजिबात नाही.

कायद्याचं म्हणाल तर हिंदू कायद्यात (१९५६ चा) वडील गेल्यावर अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक आई असते, दीर नाही, सासरे नाहीत. कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका.

दुसरं लग्न जरूर करा, आयुष्य मोठं आहे. घाई नको एवढंच. मुलांना सगळ्यांत शेवटी कळलं असं होऊ नये, आधी ओळख, मग ये-जा. नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून "बाबा" म्हणायला लावू नका, काका म्हणू दे, आणि पहिलं वर्षभर रागवायचं काम तुमच्याकडेच ठेवा. जुना फोटो भिंतीवरून काढू नका. सावत्र बाप किंवा आई त्या कायद्यात आपोआप पालक होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

१७. दीड वर्ष चांगला होता, आता अचानक बिघडलाय. हे नॉर्मल आहे का? डॉक्टरकडे कधी न्यायचं?

दुसऱ्या वर्षी बिघडणं बऱ्याच मुलांत दिसतं. बोस्टनलाही आई-वडील दोघं असलेल्या मुलांशी फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त ठळक झाला. वर्षश्राद्ध होतं, पाहुणे यायचे थांबतात, आई जरा उभी राहते आणि मुलाला वाटतं आता मी पडलो तरी चालेल. दहावीचं वर्ष, वयात येणं, मोठ्या मुलीची पहिली पाळी, अशा वेळी परत उसळी येते, तेव्हा परत बोलायचं, नव्याने सांगायचं, कारण पाचव्या वर्षी जे समजलं होतं ते बाराव्या वर्षाला पुरत नाही.

मदत लगेच घ्यायची ती अशा वेळी: मरायचं बोलतोय, "बाबांकडे जायचंय" परत परत म्हणतोय, स्वतःला इजा करतोय, दारू-गुटखा चालू केलाय, आठवडे झाले शाळेत जात नाही, जेवण-झोप गेलीय. मुलांमध्ये सहा महिने उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तेवढंच तीव्र दुःख असेल आणि नेहमीचं काहीच जमत नसेल तर त्याला डॉक्टर आता वेगळा आजार धरतात, त्यावर उपचार आहेत. टेलिमानस १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात, चाइल्डलाइन १०९८ आहे, आणि साताऱ्याच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी विचारा. बाहेरचं, देवर्षी, अंगारे यात महिने घालवू नका.

१८. शाळेला काय सांगायचं?

मूल परत जायच्या आधी वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. काय झालं, मुलाला काय माहीत आहे, रडू आलं तर त्याने कुठे जायचं, हे ठरवा. माझ्या मुलाला एका शाळेत योजनेच्या फॉर्मसाठी "ज्यांचे वडील नाहीत त्यांनी उभं राहा" म्हणून वर्गासमोर उभं केलं होतं. सात वर्षांचा होता. घरी येऊन म्हणाला, मी एकटाच होतो. मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून सगळ्या शिक्षकांना हात जोडून सांगते, ती यादी ऑफिसातून काढा.

१९. पैशाची काही मदत मिळते का? पैशाचा आणि मुलाच्या मनाचा संबंध काय?

संबंध थेट आहे, घरभाडं थकलं की घर बदलतं, शाळा बदलते, आईचा आवाज बदलतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलालाही १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं ऑफिस सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे, बाल कल्याण समिती मंजूर करते. मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, पासबुक तयार ठेवा. एजंटला पैसे देऊ नका. विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजना वेगळी, ती तहसील कचेरीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतात.

२०. फोटो, कपडे, त्यांचा मोबाईल काय करायचं? आठवण काढून दिली तर मूल विसरणार कसं?

विसरायचं नाहीच आहे. बोस्टनच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं गेलेल्या आई-वडिलांशी मनात बोलत होती आणि चारातल्या तिघांनी त्यांची काहीतरी वस्तू जपून ठेवली होती, त्यात आजार काही नाही. कपडे वाटायच्या आधी मुलांना एकेक निवडू द्या. म्हाळाला बाबांच्या आवडीचा पदार्थ मुलाला ठरवू द्या.

मोबाईलचं मात्र लगेच करा. आम्ही रिचार्ज बंद केला, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट जातं. मुलगी चोरून बाबांना फोन लावायची, स्विच्ड ऑफ ऐकायची आणि ठेवायची. एक दिवस रिंग गेली आणि अनोळखी माणूस हॅलो म्हणाला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. म्हणून आजच फोन उघडा, आवाजाचे मेसेज, व्हिडिओ, सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आमच्याकडे त्यांच्या आवाजाचा एकच मेसेज उरलाय, जावेच्या फोनमध्ये सापडला, अकरा सेकंदांचा, "येताना दूध आणतो, पोरांना जेवायला घाल, मला उशीर होईल." मुलगा आता सतरा-अठराचा आहे. त्याच्या फोनमध्ये तो आहे, कधी ऐकतो ते मी विचारत नाही.